ब्राम्सची पहिली सिंफनी: बीथोवनची सावली की डोंगरावरची हाक?

खर्ज

ब्राम्सची पहिली सिंफनी (सी मायनर, ओपस ६८) मी गेली पंधरा वर्षं हेडफोनवर ऐकतोय. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदाच समोर बसून ऐकली. तिकीट उशिरा काढल्यामुळे वाद्यवृंदाच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची जागा मिळाली. तिथून जे दिसलं, त्यासाठी हा धागा.

माझ्या बरोबर खाली तीन ट्रॉम्बोनवाले बसले होते. सिंफनीचे चार भाग, म्हणजे मूव्हमेंट. पहिली मूव्हमेंट झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अर्धा तास उलटला तरी तिघांपैकी कुणी वाद्य ओठाला लावलं नाही. एकाने मध्येच फडक्याने नळी पुसली आणि ट्रॉम्बोन पुन्हा मांडीवर आडवा ठेवला. बाकीचे सगळे घाम गाळत होते आणि हे तिघे हात बांधून. चौथी मूव्हमेंट सुरू होऊन काही मिनिटं झाल्यावर त्यांची स्वतःची अशी पहिली ओळ येते. तिघांनी एकदम श्वास घेतला. वाटलं, आता कानठळ्या बसणार. पण आली ती चर्चमधल्या प्रार्थनेसारखी अगदी हलकी, गोल सुरावट, आणि जेमतेम चार ओळींची. माझ्या अंगावर काटा आला. रेकॉर्डिंगमध्ये तो सूर ऐकू येतो, पण त्यामागचं थांबणं दिसत नाही.

या सिंफनीची जन्मकथाच थांबण्याची आहे. १८५३च्या शरदात वीस वर्षांचा ब्राम्स ड्युसेलडॉर्फला संगीतकार रॉबर्ट शुमान आणि त्याची पियानोवादक बायको क्लारा यांच्या दारात उभा राहिला. त्याचं वादन ऐकून शुमानने आपल्या जुन्या संगीतपत्रिकेत 'नव्या वाटा' नावाचा लेख लिहिला आणि ज्याची वाट बघत होतो तो हाच, असं जाहीर करून टाकलं. विसाव्या वर्षी, फारसं काही छापलेलं नसताना, एवढं मोठं ओझं! पुढच्याच फेब्रुवारीत शुमानने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण उरलेली दोन वर्षं त्याने मनोरुग्णालयातच काढली.

त्याच १८५४ साली ब्राम्सने डी मायनरमध्ये दोन पियानोंसाठी सोनाटा लिहायला घेतला. त्याची सिंफनी करायची म्हणून धडपडला, ती जमेना, आणि अखेर त्यातून पहिला पियानो कंचर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) झाला. १८५९च्या जानेवारीत लाइपझिगला तो वाजला तेव्हा श्रोत्यांनी हिस्स करून नापसंती दाखवली. त्यानंतर दोन सेरेनेड, जर्मन रेक्वियम, हायडनच्या म्हणवल्या जाणाऱ्या चालीवरची व्हेरिएशन्स असं वाद्यवृंदासाठीचं लिखाण होत राहिलं, पण 'सिंफनी' हे नाव कशालाही नाही. पहिली सिंफनी लोकांसमोर आली ४ नोव्हेंबर १८७६ला. ब्राम्स तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे बीथोवन. त्या राक्षसाची पावलं पाठीमागे सतत ऐकू येत असताना आपल्यासारख्याला काय वाटतं, तुम्हाला कल्पना नाही, अशा आशयाचं ब्राम्स आपला मित्र, कंडक्टर हेरमान लेव्ही याला म्हणाल्याचं सांगतात. पुढे कंडक्टर हान्स फॉन ब्युलोने या सिंफनीला 'दहावी' म्हटलं, म्हणजे बीथोवनच्या नऊ सिंफनींनंतरची. तेव्हापासून हे बिरुद तिला चिकटलं ते चिकटलंच.

मला हे बिरुद मान्य नाही. ही सिंफनी जिथे पोचते ती जागा बीथोवनची नाही, असं माझं ठाम मत आहे. पण आधी तुम्हा लोकांचं ऐकायचं आहे.

सावनी

छान धागा! मी पाश्चात्त्य संगीत फार ऐकलेलं नाही, घरी सगळं ख्यालगायकीचं वातावरण. हे वाचून कालच सिंफनी लावली. सुरुवातीलाच घाबरले. तो जो खाली एकच सूर धडधडत राहतो, तो कशाचा आहे? आपल्याकडे षड्ज लागला की मन निवतं. इथे एकच सूर धरून ठेवलाय आणि तरी जीव नुसता कासावीस होतो. असं का होत असेल?

खर्ज

सावनी, नेमक्या जागेवर बोट ठेवलंत. तो टिम्पनीचा, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांचा 'सी', या सिंफनीचा सा. त्याच्या जोडीला डबल बास आणि काँट्राबसून हे सगळ्यात खालच्या आवाजाचे दोघे. मापात सहा ठोके आहेत, आणि अर्धा मिनिट तरी ते एकसारखे पडत राहतात.

तानपुऱ्याचा षड्ज आपल्याला बसायला जागा देतो, कारण वरची सुरावट त्याच्याशी जुळवून घेत असते. इथे उलटं आहे. व्हायोलिन आणि चेलो अर्ध्या अर्ध्या सुरांनी वर चढतायत, लाकडी सुषिर वाद्यं आणि व्हायोला तशाच खाली उतरतायत. दोघंही त्या खालच्या सा पासून दूर जायला बघतायत आणि तो काही त्यांना सोडत नाही. आधार असायला हवा तो सूर इथे पायात बेडीसारखा आहे.

आणि गंमत बघा, ही सुरुवात मुळात नव्हतीच. १८६२च्या उन्हाळ्यात ब्राम्सने पहिल्या मूव्हमेंटचा खर्डा क्लाराकडे पाठवला. तिने १ जुलैच्या पत्रात व्हायोलिनवादक योआखिमला त्याचे पहिले सूर लिहून कळवले, तेव्हा ती थेट वेगवान भागापासून सुरू होत होती. हा धडधडणारा दरवाजा त्याने नंतर कधीतरी समोर बसवला. म्हणजे घर आधी बांधलं आणि उंबरठा मागून घातला. त्यातले सूरही पुढच्या भागातलेच आहेत.

अजून एक, तुम्हाला आवडेल असं. चार मूव्हमेंट तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत आहेत: सी, ई, ए फ्लॅट आणि पुन्हा सी. सा धरून बघितलं तर सा, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि वरचा सा. सप्तकाचे तीन अगदी सारखे तुकडे. पहिल्या आणि शेवटच्या मूव्हमेंटच्या काळोखामध्ये हे दोन वेगळ्या उजेडाचे दिवस येतात.

कार्ल्सरूहवासी

धागा उघडला आणि आमच्या गावाची आठवण आलीच! मी गेली नऊ वर्षं जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये राहतो. पहिला प्रयोग इथला. व्हिएन्नात नाही, लाइपझिगमध्ये नाही, आमच्या या शांत, सरळ रस्त्यांच्या गावात.

यामागे ब्राम्सचा विचार होता. चांगला मित्र, चांगला कंडक्टर आणि चांगला वाद्यवृंद असलेल्या छोट्या गावात आपली चीज पहिल्यांदा ऐकावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. मित्र आणि कंडक्टर दोन्ही एकाच माणसात मिळाले, ओटो डेसॉफ. हा आधी व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा कंडक्टर होता आणि नुकताच इथल्या दरबारी वाद्यवृंदाकडे आला होता. वाद्यवृंद पन्नासेक जणांचा. आज आपण ही सिंफनी ऐंशी-नव्वद जणांच्या ताफ्याकडून ऐकतो आणि तिला 'जड' म्हणतो, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

काही दिवसांतच ब्राम्सने स्वतः मानहाइम, म्युनिक आणि डिसेंबरात व्हिएन्ना इथे ती वाजवून घेतली. या सगळ्या प्रयोगांनंतरही त्याचं समाधान झालं नाही. १८७७ साली झिमरॉकने सिंफनी छापली, त्याच्या आधी त्याने दुसऱ्या मूव्हमेंटची रचनाच बदलली.

इथून रेल्वेने थोडंच गेलं की बाडन-बाडन, आणि त्याला लागून लिख्टेंटाल. १८७६च्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगन बेटावर त्याने शेवटची मूव्हमेंट रेटली आणि सप्टेंबरात लिख्टेंटालला येऊन सिंफनी पुरी केली. आधीच्या कित्येक उन्हाळ्यांत तो तिथे ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचा, ते आज संग्रहालय आहे. मी दोनदा गेलोय. उतारावरचं साधं घर, खोल्या इतक्या लहान की चार माणसं आत आली की पाचव्याने जिन्यात थांबावं. क्लाराचं घरही तेव्हा त्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्या खोलीत उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की एवढा मोठा आवाज किती छोट्या जागेत, पेन्सिलीने, एकट्याने लिहिला जातो.

मंद्रसप्तक

माहिती उत्तम, पण थोडा विरोधी सूर लावतो.

'दहावी' हे बिरुद काही हवेतून आलेलं नाही. सी मायनरमधून सी मेजरकडे, अंधारातून उजेडाकडे, हा सरळसरळ बीथोवनच्या पाचवीचा रस्ता. आणि शेवटच्या मूव्हमेंटमध्ये व्हायोलिनवर जी भरदार सुरावट येते ती बीथोवनच्या नवव्या सिंफनीत गायल्या जाणाऱ्या 'आनंदगीता'ची सख्खी बहीण आहे. कुणीतरी हे दाखवून दिल्यावर ब्राम्स 'हे कुठल्याही गाढवाला कळेल' असं चिडून म्हणाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे त्यानेही नाकारलं नाही.

दुसरं, मला या जन्मकथा, पत्रं, क्लारा वगैरेचं जरा जास्तच होतं. व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिक, जो ब्राम्सचा मित्र आणि पाठीराखा होता, त्याचंच म्हणणं होतं की संगीताचा आशय म्हणजे सुरांच्या हलत्या आकृती. गोष्टी, चित्रं, कविता यांची कुबडी न घेता उभं राहणारं संगीत, हेच तर ब्राम्सचं बाणेदारपण. १८७६च्याच ऑगस्टमध्ये बायरॉइटला वाग्नरच्या 'रिंग' या संगीतनाटकांच्या मालिकेचा पहिला महोत्सव झाला. देव, राक्षस, अंगठ्या, आगीच्या भिंती. बीथोवनच्या नवव्यानंतर निव्वळ वाद्यांची सिंफनी संपलीच, असं वाग्नर म्हणत आला होता. आणि तीनच महिन्यांनी हा माणूस एक अक्षरही न गाता उत्तर देतो. त्या उत्तराला प्रेमकथेचं अस्तर लावू नये असं मला वाटतं.

खर्ज

मंद्रसप्तक, तुमचा दुसरा मुद्दा मला बराचसा पटतो. म्हणून पहिल्याचं उत्तर निव्वळ सुरांतूनच देतो.

चौथी मूव्हमेंट पुन्हा लावा आणि त्या 'आनंदगीताच्या बहिणी'चा माग काढा. अंधारी प्रस्तावना, मग टिम्पनीचा गडगडाट मावळतो आणि हॉर्नवर एक मोकळी हाक येते. मग ट्रॉम्बोनची प्रार्थना. पुन्हा हॉर्नची हाक. आणि त्यानंतर ती प्रसिद्ध सुरावट, खालच्या पट्टीत, व्हायोलिनच्या जाड तारेवर. ती मध्यावर परत येते, तीही पूर्ण. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

आता पुढे ऐका. सगळा वाद्यवृंद चढत चढत कडेलोटाला येतो. कान म्हणतो, आता ती सुरावट पूर्ण ताकदीने येणार. तिथे ती येत नाही. तिथे कोसळते ती हॉर्नची हाक, सगळ्या वाद्यवृंदाच्या अंगावरून, आणि मग हळूहळू निवत जाते. ती सुरावट त्यानंतर पूर्ण अशी पुन्हा कधीच ऐकू येत नाही. शेवटच्या धावपळीत तिचे तुकडे आहेत, बस. आणि अगदी शेवटी, सगळ्यात उंच जागी काय येतं? ट्रॉम्बोनची ती प्रार्थना. सुरुवातीला हळू आवाजात चारच ओळींत येऊन गेलेली, आता सगळ्या वाद्यवृंदानिशी.

म्हणजे ज्या सुरावटीवरून लोक हिला 'दहावी' म्हणतात, तिला ब्राम्सने वाटेत निरोप दिलाय. बीथोवनच्या नवव्यात ते गीत वाढत वाढत सगळ्यांना कवेत घेतं. ब्राम्सच्या हातात तसंच गीत आहे, पण तो शिखरावर नेतो दुसऱ्याच दोन गोष्टी. 'कुठल्याही गाढवाला कळेल' यात मला चिडण्यापेक्षा वेगळं ऐकू येतं. साम्य तर दिसणारच, मी ते दिसावं म्हणूनच ठेवलंय, पुढे बघा ना, असं.

आता पत्राचं. ते मी अस्तर म्हणून आणत नाही, ते सुरांच्या वहीतलंच पान आहे. ती हॉर्नची हाक ब्राम्सने १२ सप्टेंबर १८६८ला स्वित्झर्लंडहून क्लाराला कार्डावर लिहून पाठवली होती. 'आज आल्पहॉर्न (डोंगरातलं लांब लाकडी शिंग) असं वाजलं', एवढं सांगून खाली सूर, आणि सुरांखाली शब्द: उंच डोंगरावर, खोल दरीत, तुला हजार हजार वेळा माझा नमस्कार. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. त्या वर्षी दोघांत दुरावा आला होता. तिने मैफलींचे दौरे कमी करावेत असं त्याने लिहिलं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. त्यानंतरचं हे कार्ड. पुढे आठ वर्षं तो सूर त्याने जपून ठेवला.

शिंगवाला

शेवटी हॉर्नचा विषय निघाला! मी झ्युरिकजवळ एका हौशी वाद्यवृंदात हॉर्न वाजवतो, आणि ही जागा दोनदा वाजवली आहे. दोन गोष्टी सांगतो.

आल्पहॉर्न म्हणजे नुसती लांबलचक लाकडी नळी. तिला ना भोकं, ना कळा. ओठांच्या ताणावर जेवढे नैसर्गिक स्वर निघतील तेवढेच. त्यातला अकरावा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मध्येच कुठेतरी पडतो, म्हणून डोंगरातल्या सुरावटींना ती एक विशिष्ट, किंचित वाकडी गोडी असते. ब्राम्सने ती पुसली नाही. हाक सुरू होते साधी, ग रे सा आणि खालचा प. पण पुढे तीव्र मध्यम येतोच. वाजवताना प्रत्येक वेळी तिथे गवताचा वास आल्यासारखं होतं मला.

दुसरी गोष्ट श्वासाची. ती हाक ऐकताना वाटतं की एकच माणूस न थांबता वाजवतोय. पण कागदावर बघाल तर लांबलेल्या सुरावर दुसरा हॉर्न येऊन मिळतो, म्हणजे पहिल्याला श्वास घ्यायला सवड मिळते आणि ऐकणाऱ्याला सूर तुटल्याचं कळत नाही. मी दुसरा हॉर्न होतो. माझं काम एवढंच की शेजाऱ्याच्या सुरात असा शिरू की मी आलो हे कुणाला समजू नये. तालमीत आमच्या कंडक्टरने हे चौदा वेळा करून घेतलं. वरती व्हायोलिनवाले तारांवर आवाज दाबणारा म्यूट लावून थरथरता पडदा धरून असतात, धुक्यासारखा.

आणि ब्राम्सला हे कळायचं, कारण त्याचे वडील हॅम्बर्गमध्ये हॉर्न आणि डबल बास वाजवून पोट भरायचे. वडील १८७२ साली गेले. हॉर्नची ही जागा वाजवताना मला क्लाराइतकीच त्यांची आठवण येते.

गिरगावकर

या सिंफनीचा मुंबईशी एक धागा आहे, तो इथे सांगायलाच हवा. झुबिन मेहता १९५४ साली, अठराव्या वर्षी, शिकायला मुंबईहून व्हिएन्नाला गेले. वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, त्यामुळे घरात संगीत होतंच. पण व्हिएन्ना फिलहार्मोनिक प्रत्यक्ष ऐकायची पहिली वेळ आली ती कार्ल ब्योम यांच्या हाताखालच्या याच सिंफनीने. तो आवाज ऐकून आपण थक्क झालो, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे.

माझे वडील गिरगावातून मैफली ऐकायला चालत जायचे. रेडिओवर ही सिंफनी लागली की जेवण थांबवायचे. आम्हा मुलांना काही कळायचं नाही, पण ती हॉर्नची जागा आली की त्यांचा हात घास हातात धरून तसाच वर थांबलेला असायचा. तेवढं डोळ्यांसमोर आहे.

दुर्वा

गिरगावकर, हे वाचून मी दोन मिनिटं काही टाइप करू शकले नाही.

क्लाराबद्दल एक भर. १८७६च्या ऑक्टोबरात ब्राम्सने तिला सगळी सिंफनी पियानोवर वाजवून दाखवली, आणि तिची निराशा झाली! डायरीत तिने तसं स्पष्ट लिहून ठेवलंय, सुरावटींचा ओघ तिला कमी वाटला. चौदा वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती समोर आल्यावर असं वाटणं, आणि ते खोटं न बोलता लिहून ठेवणं, हे मला फार मोठं वाटतं. पियानोवर ती हाक कशी ऐकू येणार? तिला डोंगर लागतो.

रेकॉर्डिंगबद्दल कुणी विचारणारच, म्हणून: कंडक्टर फुर्टवेंगलरचं १९५१चं हॅम्बर्गचं ऐका. आवाज जुना आहे, पण सुरुवातीचे टिम्पनीचे ठोके छातीत पडतात. क्लेम्परर आणि फिलहार्मोनिया म्हणजे दगडी बांधकाम, एकही चिरा हलत नाही. कार्ल्सरूहवासींनी म्हटलेला छोट्या वाद्यवृंदाचा आवाज हवा असेल तर मॅकेरस आणि स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा. त्यात दुसऱ्या मूव्हमेंटचं ते आधीचं रूपही जोडलेलं आहे. पण दुसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी जे एकट्या व्हायोलिनचं गाणं आहे, त्याच्याखाली हॉर्न चालतो, ते कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये डोळे मिटून ऐका. तिथेही हॉर्नच आहे बघा, तिसऱ्या माणसासारखा मागे उभा.

मंद्रसप्तक

खर्ज, काल रात्री चौथी मूव्हमेंट हातात स्वरलिपी धरून ऐकली. तुम्ही म्हणता ते खरं आहे. चाळीस वर्षं ऐकतोय, ती सुरावट शेवटी विजयी होऊन येते असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती येत नाही. माझे कान बीथोवन ऐकत होते आणि समोर ब्राम्स वाजत होता. बिरुदाबाबतचं म्हणणं मागे घेतो.

पत्राबद्दल मात्र अजून तुमच्या-माझ्यात अंतर आहे. ते कार्ड हरवलं असतं तरी ती हाक तिथे एवढीच मोठी वाटली असती.

खर्ज

मान्य. आणि ती एवढी मोठी वाटते म्हणूनच कार्डाचं मोल.

सावनी

तिसऱ्यांदा ऐकली. या वेळी ट्रॉम्बोनची वाट बघत ऐकली, त्यामुळे पहिल्या तीन मूव्हमेंटही वेगळ्याच लागल्या. शिंगवाला म्हणाले तो तीव्र मध्यम मी हार्मोनियमवर शोधला. बाबा शेजारच्या खोलीतून विचारत आले, यमन घेतलास का? मी त्यांना हेडफोन दिला. ते उभ्यानेच प्रार्थनेपर्यंत ऐकत राहिले, आणि मग खुर्ची ओढून बसले.

आता दुसरी सिंफनी ऐकू का? तिलाही अशीच वीस वर्षं लागली होती का?

खर्ज

नाही! दुसरी त्याने १८७७ साली, पुढच्याच उन्हाळ्यात, ऑस्ट्रियातल्या प्योर्टशाख गावी तळ्याकाठी बसून लिहिली. एका उन्हाळ्यात. तिच्यासाठी रविवारी वेगळा धागा काढतो. बाबांनाही घेऊन या.